रात्रीचा रस्ता हाही ड्यूटीचाच भाग

(शाखेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अहवाल वाचून झाला, जमाखर्च मंजूर झाला, रिक्त जागांचा ठरावही एकमताने झाला. आता अशा विषयावर बोलायचे आहे, की जो आपल्या सभेपुढे स्वतंत्रपणे आजवर आलेला नाही. विषय आहे रात्रीची मोटारसायकल. काहींना हसू येईल. युनियनच्या सभेत मोटारसायकलचे काय काम, असे वाटेल. पण जरा मांडवाबाहेर नजर टाका. एके काळी सभेला माणसे चालत किंवा सायकलवर यायची. आज बाहेर गाड्या लावायला जागा उरलेली नाही. यातल्या कितीतरी गाड्या आज रात्री दहानंतर पुन्हा रस्त्यावर दिसतील. कोणी केबिनला निघालेला असेल, कोणी गेटवर, कोणी लॉबीत, कोणी आर.एम.एस.च्या सॉर्टिंगला. आणि कोणी बारा तास काम करून घरी परतत असेल.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. घरापासून कामापर्यंतचा आणि कामापासून घरापर्यंतचा रात्रीचा रस्ता हा ड्यूटीचाच भाग आहे. प्रशासनाने तो तसा मानावा ही आपली मागणी. आपण स्वतःही तो तसा मानावा ही आमची विनंती. या दोन्ही गोष्टी बरोबरीने चालल्या पाहिजेत.

कॉलबॉय गेला, मोटारसायकल आली

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा रेल्वे म्हणजे कॉलनी असे समीकरण होते. भुसावळ, मनमाड, इगतपुरी, दौंड, पूर्णा, मिरज, अजनी, इकडे वाडी नाहीतर तिकडे इटारसी, कुठेही जा, यार्डाला लागून क्वार्टर्स असायचे. रात्री दोन वाजता कॉलबॉय सायकलवर यायचा, कॉलबुकात सही घ्यायचा. माणूस डबा आणि पेटी उचलून चालत लॉबीत पोहोचायचा. रस्ता दहा मिनिटांचा. त्या रस्त्यावर भीती असलीच तर कुत्र्याची.

आज कॉल मोबाइलवर येतो. कित्येक क्वार्टर्स गळके, मोडके, राहण्याच्या लायकीचे नाहीत म्हणून रिकामे पडले. मुलांच्या शाळेसाठी कोणी शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला. कोणी गावाकडची शेती आणि म्हातारे आईवडील सांभाळून वीस-पंचवीस किलोमीटरवरून येतो. एस.टी.ची शेवटची गाडी संध्याकाळीच निघून गेलेली असते. रिक्षावाला रात्री दुप्पट मागतो. मग उरते ती मोटारसायकल. ती आपण हौसेने घेतली असे कोणी म्हणू नये. प्रशासनाचे घर मोडले आणि वेळेची बस नाही, म्हणून कर्जाचे हप्ते भरून आपण ती घेतली. तिच्यात पेट्रोलही आपल्याच पगारातून भरतो.

आपल्या टपालातल्या बंधूंचेही तेच. मोठ्या शहरात टपालाची छाटणी रात्रभर चालते. सेट सुटतो तेव्हा लोकल किंवा बस असेलच असे नाही. खेड्यातला ग्रामीण डाक सेवक बॅग आणायला आणि पोहोचवायला स्वतःच्याच गाडीवर जातो. दिवाळीनंतर सहाच्या आत अंधार पडतो आणि परतीचा रस्ता काळोखातच कापावा लागतो.

सत्तर मिनिटांचा तास

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे. आमचा हिशोब साधा असतो. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या कामाला नाइट ड्यूटी भत्ता आहे. त्यात रात्रीच्या प्रत्येक तासाला दहा मिनिटांचे जादा वजन धरतात. म्हणजे रात्रीचा तास सत्तर मिनिटांचा. याचा अर्थ सरकारनेच मान्य केले आहे की रात्रीचे काम दिवसापेक्षा शरीराला जड जाते. मग त्याच रात्री त्याच शरीराने कापलेल्या वीस किलोमीटरचे वजन किती? शून्य. साइन ऑफ झाला की हिशोब बंद.

जुना इतिहास थोडा सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्यापुढे १९४६ साली टपाल-तार कामगारांचा तंटा गेला. रेल्वे कामगारांचा तंटाही त्यांच्याचपुढे गेला आणि १९४७ साली कामाचे तास, विश्रांती यांवर त्यांचा निवाडा आला. रेल्वे आणि टपाल ही दोन भावंडे एकाच न्यायाधीशापुढे उभी राहिली होती. पुढे १९६९ साली नेमलेल्या मियाभाय लवादाने तासांचा प्रश्न पुन्हा तपासला. आज २००५ चे कामाचे तास आणि विश्रांतीचे नियम लागू आहेत. या सगळ्यात तास मोजले जातात ते कामावर हजर झाल्यापासून सुटेपर्यंत. रनिंग स्टाफने आठ तास किंवा जास्त ड्यूटी केली तर मुख्यालयी सोळा तासांची विश्रांती मिळते. पण ती सुरू होते साइन ऑफला, घरच्या उंबरठ्यावर नव्हे. क्वार्टर यार्डाजवळ होते तोपर्यंत हा फरक कोणाला जाणवला नाही. आज घर पंचवीस किलोमीटरवर गेले आणि जाण्यायेण्याचा वेळ आपल्या झोपेतून कापला जाऊ लागला.

एका पॉइंट्समनची गोष्ट

ओळखीच्या एका पॉइंट्समनची गोष्ट सांगतो. नाव आणि ठिकाण सांगत नाही, घरच्यांचे दुःख ताजे आहे. संध्याकाळी चारची ड्यूटी, रात्री बाराला सुटायची. रिलीव्हर आला नाही. माणसे कमी, दुसरा कोणी नाही. पहाटे चार वाजता तो सुटला. सकाळी सातला उठलेला माणूस, म्हणजे एकवीस तास जागा. घर अठरा किलोमीटरवर. स्टेशनवर पडायला जागा नव्हती, म्हणून निघाला. वाटेत उसाने भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही. हेल्मेट त्याच्याजवळ होते, पण ते पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेले होते.

कार्यालयाचे उत्तर एका ओळीत आले. ड्यूटी संपल्यानंतरचा अपघात असल्याने खात्याचा संबंध नाही. बंधूंनो, बारा तास काम त्याच्याकडून घेतले तेव्हा संबंध होता. त्या कामाने आलेली झोप घेऊन तो रस्त्याला लागला, तेव्हा संबंध तुटला?

झोपेविषयी शास्त्र काय सांगते तेही ऐका. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी माणसांना जागे ठेवून त्यांची चाचणी घेतली. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाचे हात आणि डोके जसे चालते, तसेच रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाचे चालते असे दिसून आले. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारूची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. तेव्हा सतरा तास जागा राहिलेला, थेंबही न घेतलेला निर्व्यसनी माणूस गाडीवर बसतो, तेव्हा त्याची अवस्था कायद्याची मर्यादा ओलांडलेल्या दारुड्यासारखी असते. साइन ऑनला आपला श्वास तपासतात. साइन ऑफला झोप कोणी तपासत नाही.

इंजिनात व्ही.सी.डी. असते. लोको पायलटने साठ सेकंद कशालाच हात लावला नाही तर आधी दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो, तरीही हालचाल नाही तर ब्रेक आपोआप लागतो. त्याच माणसाच्या मोटारसायकलला असले काही नाही. डुलकी चार सेकंदांची असते. ताशी पन्नासच्या वेगाने गाडी एका सेकंदात चौदा मीटर जाते. चार सेकंदांत पंचावन्न मीटर रस्ता डोळे मिटून कापला जातो. रात्री दोन ते पहाटे सहा या वेळेत शरीर झोप मागतेच. तिथे जिद्द चालत नाही.

कायदा आपल्या बाजूने सरकला आहे

आता तो विषय, ज्यासाठी ही सभा लक्षात ठेवावी. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईच्या बेस्टच्या एका ड्रायव्हरचे प्रकरण आले. ड्यूटी संपवून तो बेस्टच्याच बसने घरी जात होता. त्या बसला अपघात होऊन तो गेला. न्यायालयाने त्याचा मृत्यू नोकरीच्या ओघातला मानला. पण तिथे बस मालकाची होती. स्वतःच्या मोटारसायकलवर येणाऱ्याचे काय, हा प्रश्न राहिला.

त्याचे उत्तर आपल्याच मराठवाड्यातल्या एका प्रकरणातून आले. धाराशिव जिल्ह्यात साखर कारखान्याचा एक पहारेकरी होता. पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा. २२ एप्रिल २००३ च्या रात्री तो मोटारसायकलवरून कामाला निघाला आणि कारखाना पाच किलोमीटर राहिला असता अपघातात गेला. २००९ साली भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये व्याजासह मंजूर केले. २०११ साली उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. अपघात कामाच्या जागी झाला नाही, हे कारण. कुटुंबाने दिल्ली गाठली. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि भरपाईचा हुकूम पुन्हा कायम केला. न्यायालयाने सांगितले की घरातून कामाला जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात हाही नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झालेला समजता येतो. अट एकच. अपघाताची परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. कामगार राज्य विमा कायद्यात अशी तरतूद २०१० सालीच आली होती. तेच तत्त्व १९२३ च्या भरपाई कायद्यालाही लावले गेले. बावीस वर्षे लागली, पण एका पहारेकऱ्याच्या घरच्यांनी ही वाट मोकळी केली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्यातही येण्याजाण्यातल्या अपघाताची तरतूद आहे. या संहितांविषयी कामगार चळवळीचे आक्षेप पुष्कळ आहेत, ते आपण वेगळ्या सभांतून मांडतोच. पण जी तरतूद कामगाराच्या बायकामुलांच्या उपयोगाची आहे, ती वापरायची सोडू नये.

मात्र संबंध दिसला पाहिजे, या शब्दांकडे नीट बघा. तो आपण दाखवायचा आहे. रेल्वेचे, टपालाचे, कायम, कंत्राटी, डाक सेवक अशा प्रत्येकाचे भरपाईचे नियम वेगवेगळे आहेत. कोणाला कोणता लागतो हे प्रकरण पाहून ठरते. पण पुरावा सगळ्यांना सारखाच लागतो. म्हणून चार गोष्टी पाळा. कॉलचा मेसेज पुसू नका. हजेरीची आणि सुटण्याची वेळ खरी लिहा आणि जादा थांबवले असेल तर तेही रजिस्टरवर येऊ द्या. ड्यूटीचा रस्ता सोडून भलतीकडे वळू नका. आणि अपघात झालाच तर पोलिसांच्या पंचनाम्यात तो ड्यूटीला जात होता किंवा ड्यूटीवरून येत होता, हे वाक्य लिहून घ्या. एवढ्या एका वाक्यावर पुढे कुटुंबाची भाकरी अवलंबून असते.

विम्याचेही बघा. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा असतो. पण तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्यालाच, आणि त्याच्याजवळ चालू लायसन असेल तर. आपल्यातले कितीतरी जण मेव्हण्याच्या नाहीतर बायकोच्या नावावरची गाडी चालवतात. कोणी जुनी गाडी घेतली आणि नावावर करायची राहून गेली. उद्या सकाळी पहिले काम म्हणून आर.सी. बुक आणि विम्याचा कागद काढून बघा.

जेवढे दिसते तेवढाच ब्लॉक क्लिअर

आता आपली बाजू. प्रशासनाकडे बोट दाखवताना आपली गाडी आपणच चालवतो हे विसरून चालत नाही.

सरकारी आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांवर होते. एवढे मृत्यू रेल्वेत झाले असते तर देश हादरला असता. रस्त्यावर एकेक करून मरतात, म्हणून कोणाला ऐकू येत नाही.

आपण रेल्वेची माणसे. पुढचा सेक्शन मोकळा आहे याची खात्री झाल्याशिवाय आपण गाडी सोडत नाही. मग मोटारसायकलवर तोच नियम का नको? ताशी साठने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. समोर काही दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे पंचवीस मीटर. पुढे ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत आणखी वीस-पंचवीस. एकूण पन्नास मीटर धरा, म्हणजे एल.एच.बी.च्या दोन डब्यांएवढी लांबी. डिपरच्या उजेडात स्वच्छ दिसते तेही चाळीस-पन्नास मीटरच. काळ्या कपड्यातला माणूस, काळी म्हैस किंवा बिनदिव्याची ट्रॉली त्याहून जवळ आल्यावर दिसते. म्हणजे साठच्या वेगाने आपण न दिसणाऱ्या ब्लॉकमध्ये गाडी घालतो. तीच गाडी चाळीसवर असेल तर पंचवीस-तीस मीटरमध्ये उभी राहते. वीस किलोमीटरच्या रस्त्यात साठ आणि चाळीस यांच्यात फरक दहा मिनिटांचा पडतो. म्हणून घरून दहा मिनिटे आधी निघा.

समोरून अप्पर लाइट आला की डोळे दिपतात. त्या दिव्याकडे बघू नका. नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर, पांढऱ्या पट्टीवर ठेवा आणि वेग उतरवा. चिडून आपणही अप्पर मारू नका, दोन आंधळे समोरासमोर येतात. आमच्यासारख्या पन्नाशी उलटलेल्यांना दिपलेले डोळे सावरायला जास्त वेळ लागतो. लोको पायलटच्या डोळ्यांची ठराविक मुदतीने तपासणी होते. बाकीच्यांनी मोतीबिंदूची तपासणी स्वतःहून करून घ्यावी. रात्रीसाठी म्हणून पिवळे चष्मे विकतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यांनी उजेड कमीच होतो.

समोर एकच दिवा दिसला म्हणजे मोटारसायकल असे समजू नका. एक दिवा गेलेला ट्रकही असतो आणि ट्रॅक्टरही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू होतो. त्या भागात प्रत्येक वळणामागे ट्रॉली किंवा बैलगाडी उभी आहे असे धरूनच चाला. पहिल्या पावसात डांबर साबणासारखे होते. आणि लेव्हल क्रॉसिंगवर रूळ ओले असतील तर चाक रुळाला सरळ काटकोनात घाला. तिरपे घातले की गाडी घसरलीच. रुळांवर जन्म काढलेल्या माणसाने रुळावरच पडावे, ही शोभेची गोष्ट नाही.

आपल्या गाडीचा मागचा दिवा रोज बघा. स्टेशनवरून जाणाऱ्या गाडीला टेल लॅम्प दिसला नाही तर मास्तर ती पूर्ण आली असे मानत नाही आणि सेक्शन मोकळा झाल्याचे कळवत नाही. आपल्या मोटारसायकलचा मागचा बल्ब मात्र सहा महिने बंद असतो. तो पन्नास-शंभर रुपयांचा प्रश्न. मडगार्डवर आणि हेल्मेटच्या पाठीमागे रेडियमची पट्टी लावा. ट्रॅकवरच्या बंधूंनी आपले चकाकणारे जाकीट पिशवीत न ठेवता अंगावरच ठेवून घरी जावे.

हेल्मेट आय.एस.आय. छापाचे, डोक्याला घट्ट, आणि पट्टा लावलेले असावे. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोहोचते. डबलसीट बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. रात्री काळी काच नको. हेल्मेट न घातल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन बंद, असा कायदा २०१९ पासून आहे. पण दंडाच्या भीतीने घालायची ही वस्तू नव्हे. टाकीवरचे हेल्मेट टाकीलाच वाचवते.

झोप आली तर तोंड धुणे, गाणे म्हणणे, तंबाखू मळणे, यांचा उपयोग पाच मिनिटांपुरता. चहाचा अंमल चढायलाही अर्धा तास जातो. झोपेवर औषध झोपच. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटे बाकावर आडवे व्हा. उठल्यावर थोडे चालून मग किक मारा. वाटेत एकामागून एक जांभया येऊ लागल्या, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, गाडी आपोआप कडेला जाऊ लागली, तर तो लाल सिग्नल समजा. पेट्रोल पंप, ढाबा, स्टेशन, जिथे उजेड आणि माणसे असतील तिथे थांबा. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांनीही झोप येते, डॉक्टरांना विचारून घ्या. दारूविषयी सभेत बोलायची गरज पडू नये.

रस्त्यावर पडलेल्याला उचला

रात्रीच्या रस्त्यावर आपल्याआधी कोणी पडलेला दिसला तर पुढे जाऊ नका. पोलिसांचे लचांड नको ही भीती आता ठेवायचे कारण नाही. मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, असे संरक्षण कायद्यानेच दिलेले आहे. १०८ किंवा ११२ ला फोन करा. आधी आपली गाडी बाजूला उभी करून इंडिकेटर चालू ठेवा, नाहीतर मागून येणारा दोघांनाही उडवील. जखमीचे हेल्मेट ओढून काढू नका, मान हलवू नका, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ फडके दाबून धरा. मे २०२५ च्या केंद्राच्या योजनेप्रमाणे रस्ता अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख न भरता मिळतो. हे घरातल्यांनाही सांगून ठेवा. रात्री ठोकर देऊन पळून जाणारे पुष्कळ. पळालेली गाडी सापडली नाही तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार भरपाई १ एप्रिल २०२२ पासून आहे. त्याचा अर्ज महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा. अर्ज भरायला शाखेत या, आम्ही बसतो.

आपल्या मागण्या

शाखेच्या वतीने आम्ही पुढील मागण्या लेखी देणार आहोत.

पहिली, रात्री दहा ते पहाटे सहा या वेळेत सुटणाऱ्या कामगाराला उजाडेपर्यंत पडायला पंखा, खाट आणि पाणी असलेली खोली. बाहेरगावी रनिंग रूम आहे, मग मुख्यालयी थकलेल्या माणसाने बाकावर का बसावे? महिला सहकाऱ्यांसाठी वेगळी खोली हवी. आज महिला लोको पायलट आहेत, पॉइंट्सवर आहेत, सॉर्टिंगला आहेत.

दुसरी, रात्री एक ते चारमध्ये बोलावलेल्या किंवा सोडलेल्या कामगारासाठी खात्याचे वाहन. एका जीपमध्ये सहा माणसे जातात.

तिसरी, रिलीव्हर न आल्याने थांबवलेल्या माणसाची नोंद झालीच पाहिजे आणि सोळा तास जागवलेल्या माणसाला गाडीवर पाठवू नये.

चौथी, क्वार्टर्सची दुरुस्ती. जवळचे घर ही सगळ्यात मोठी सुरक्षा.

पाचवी, यार्ड, केबिन, गेट आणि टपाल कार्यालयाच्या पोहोच रस्त्यावर दिवे, आणि गाडी लावायला पत्र्याची शेड.

सहावी, ड्यूटीला येताजाता झालेल्या प्रत्येक अपघाताची चौकशी ड्यूटीवरच्या अपघातासारखी व्हावी.

या मागण्या एका पत्राने पुऱ्या होणार नाहीत हे आम्ही जाणतो. सुरुवात आपल्याकडून करू. आजपासून शाखेत एक वही ठेवत आहोत. रात्री येताजाता कोणी घसरला, कोणाला खरचटले, कोणी थोडक्यात वाचला, सगळे तिच्यात लिहा. तारीख, वेळ, ठिकाण, किती तासांची ड्यूटी झाली होती. आज प्रशासन म्हणते की असे काही होतच नाही, कारण कागदावर काही नाही. वर्षभराने ही वही घेऊन आपण टेबलावर बसू.

आणि एक पद्धत पाडू. रात्री सुटणारा कामगार घरी पोहोचला की पाळीवरच्या साथीदाराला फोनची एक रिंग देईल. रिंग आली म्हणजे लाइन क्लिअर. ठरल्या वेळेत आली नाही तर साथीदार फोन करील, तोही लागला नाही तर कोणीतरी त्या रस्त्याने बघायला निघेल. गाडी पुढच्या स्टेशनला पोहोचल्याचे कळेपर्यंत आपण नजर काढत नाही. आपल्या माणसासाठी तेवढे करू.

या सहा मागण्यांचा ठराव आम्ही सभेपुढे ठेवत आहोत. मान्य असेल त्यांनी हात वर करावा. आणि सभा संपल्यावर मांडवाबाहेर पडताना प्रत्येकाने आपल्या शेजारच्या गाडीचा मागचा दिवा बघून घ्यावा.

कामगार एकजुटीचा विजय असो!